कार्बुरेटरची खांदमळणी

आमच्या घरात उशिरा उठणारे दोघेच. एक आमचे वडील, अण्णा, आणि दुसरा त्यांचा ट्रॅक्टर. अण्णांना उठायला फुलपात्रभर चहा लागायचा, ट्रॅक्टरला पावशेर पेट्रोल. ते एकदा पोटात गेलं की मग दोघंही साध्या खाण्यावर दिवस काढायचे, अण्णा भाकरीवर आणि ट्रॅक्टर मातीच्या तेलावर, म्हणजे रॉकेलवर. फरक एवढाच, की ट्रॅक्टर सुरू झाला की थोडंफार काम करायचा. माझं अक्षर आता कोंबडीच्या पायासारखं झालंय, म्हणून मी सांगते आणि सून लिहून घेते. ती या वाक्याशी अडली. "आत्याबाई, वडिलांबद्दल असं लिहायचं?" म्हणाली. लिही म्हटलं, बाई. पुढचं ऐकलंस की हे तुला आरतीसारखं गोड वाटेल.

आमचं गाव औंढ्याहून दोन कोसांवर. काळी जमीन, पाऊस पडला की चप्पल गिळणारी. अशा जमिनीत हिंगोलीच्या एका जिनिंगवाल्यानं कंटाळून विकायला काढलेलं ते धूड अण्णांनी आणलं. आणलं म्हणजे काय, ते स्वतःच्या चाकांवर आलंच नाही. नांगरटीला बैल लागणार नाहीत म्हणून घेतलेलं यंत्र चार बैलजोड्यांनी ओढून गावात आणलं. वेशीवर माणसं पोट धरधरून हसली. मिरवत आणावं लागतं, खायला वेगळं लागतं, आणि सणावारी हमखास रुसतं, म्हणून गावानं त्याचं नाव ठेवलं 'जावई'. अण्णांना ते नाव मुळीच आवडलं नाही, त्यामुळे ते कायमचं चिकटलं.

अण्णा सुधारक होते. निदान पाहुणे आले की असायचे. देवघरात पाय न ठेवणं, सोवळ्याला हसणं, मुलींना शिकवा म्हणणं हे सगळं ओसरीवर बसून, चार माणसं ऐकतील अशा आवाजात. त्यांचा लाडका शब्द 'बराबर'. यंत्राबरोबर एक इंग्रजी पुस्तक आलं होतं. अण्णांचं शिक्षण उर्दूत, तेही चौथीपर्यंत. पण रोज सकाळी ते पुस्तक मांडीवर घ्यायचे, पानं उलटायचे, एखाद्या चित्रावर बोट ठेवून "बराबर!" म्हणायचे आणि मिटून ठेवायचे. जावई त्या दिवशीही बंदच असायचा.

यंत्र शिकवायला उस्मान मिस्त्री म्हणून एक म्हातारा हिंगोलीहून आठ दिवस राहायला आला. दाढी मेंदीची आणि बोटं केळीच्या घडासारखी. जावयाचं सगळं दुखणं एका पितळी डबीत होतं, तिला तो कार्बुरेटर म्हणायचा आणि आमचं घर काबुलेटर. त्या डबीत एक बारका स्क्रू होता, तो मिस्त्रीच्या बोटांना काही केल्या सापडेना. मी तेव्हा तेरा-चौदाची, परकर-पोलक्यातली, ओसरीवर शेंगा फोडत बसलेली. मिस्त्रीनं हाक मारली, "बेटी, जरा इधर आ." अण्णांच्या कपाळावर आठी आली. पण समोर पटवारी बसलेला, मग काय करतात. "जा की, मुलीनं काहून शिकू नये?" असं मोठ्यानं म्हणाले. अशी मी शिकले. पटवारी त्या दिवशी आला नसता तर आज मला स्क्रूचा आटा कोणत्या बाजूला उलगडतो तेही कळलं नसतं.

मिस्त्रीनं शिकवलं ते मला अजून पाठ आहे. आधी टाकीची चावी बंद. मग डबीच्या झाकणावरची तारेची कडी बाजूला सारायची. झाकण उघडलं की आत तेलात तरंगणारा पितळी पोकळ गोळा, तो काढून कानाशी हलवायचा. आत तेल खुळखुळलं तर गोळा फुटका, टाकून द्या. तेल वाढलं की गोळा वर येतो आणि येणाऱ्या तेलाचं तोंड बंद करतो. डबीच्या बुडाशी एक बारीक भोकाचा स्क्रू, त्याला जेट म्हणायचं. त्या भोकातून तेल वर ओढलं जातं, हवेत मिसळतं आणि इंजिनाच्या पोटात जाऊन पेटतं. भोक बुजलं तर सगळं ठप्प. आणि ते साफ करताना तार किंवा सुई घालायची नाही, भोक मोठं होतं. फुंकर मारायची, नाही भागलं तर बैलाच्या शेपटीचा एक केस घालायचा, मग एक डोळा मिटून भोकातून सूर्याकडं बघायचं. सूर्य गोल दिसला की जेट साफ. बैल नको म्हणून आणलेल्या यंत्राला रोज बैलाच्या शेपटीचा केस लागायचा, आणि याचं हसू आमच्या घरात फक्त मायला यायचं.

माय चुलीपुढून उठून एकदाच बघायला आली. पदरानं नाक झाकून तिनं मिस्त्रीचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे चूलच की. सरपण लई कोंबलं की धूर, कमी पडलं की इझते. हवा आन् सरपण बराबर पाहिजे." मिस्त्रीनं कानाला हात लावला, "वाह अम्मा!" एवढं अण्णांना आठ दिवसांत कळलं नव्हतं. त्यांना बिचाऱ्यांना काहीतरी मोठं, पुरुषी, लोखंडी उत्तर हवं होतं. "पर इस डबी में ऐसा है काय?" असं त्यांनी आपल्या हिंदीत तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मिस्त्री वैतागला आणि डबीवर थाप मारून म्हणाला, "साब, पूरा बोझा इसीच के ऊपर है!" ते मात्र अण्णांनी लक्षात ठेवलं. सगळं ओझं या डबीवर. बराबर!

आता लिंबाजीमामा. तो आमचा सालदार, माझ्या जन्माआधीपासूनचा. अण्णा आणि तो एका वयाचे, लहानपणी एकाच म्हशीच्या पाठीवर बसून ओढ्यात डुंबलेले. मंगळ्या आणि खैऱ्या ही आमची मानाची जोडी, ती त्याच्या हातावर वाढली. जावई आल्यावर त्याच्या मागं आणखी दोन कामं लागली: हँडल मारून यंत्र सुरू करणं आणि डब्यातलं तेल धोतराच्या चौपदरी फडक्यातून गाळून टाकीत भरणं. त्याला यंत्र आवडत नव्हतं, पण गाळताना त्याच्याइतकी माया कुणी केली नसती. फडकं रोज धुवायचा, रोज उन्हात घालायचा. "घाण पोटात गेली तं लेकरू काय आन् लोखंड काय, रडतंच," म्हणायचा.

त्या साली पोळ्याच्या आठ दिवस आधी अण्णांनी ओसरीवर जाहीर केलं की यंदा वेशीतल्या तोरणाखालून मानाची जोडी जाणार नाही, ट्रॅक्टर जाणार. आणि पोळा झाला की मंगळ्या-खैऱ्या बाजारात उभे करायचे. लिंबाजीमामा दाराशी उभा होता. तो एवढंच म्हणाला, "मालक, लोखंडाला भूक लागली तं ते हंबरत न्हाई. आपल्याला कळंल कसं?" अण्णा हसले, मग सगळे हसले. पण ते वाक्य लोकांनी खिशात घालून ठेवलं, पुढं त्याच्यावरच काढण्यासाठी.

पोळ्याच्या आदल्या सांजेला खांदमळणी. वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा आंबलेला असतो, तो गरम पाण्यानं शेकायचा, हळद-लोणी लावून चोळायचा आणि कानात सांगायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." लिंबाजीमामानं वाटीत हळद कालवली होती, गोठाभर तिचा वास. खैऱ्या डोळे मिटून मान पुढं करून उभा, त्याच्या गळ्यातली घंटा हळूहळू वाजत होती. मी शेकायचं पाणी आणून देत होते. अण्णा गोठ्याच्या तोंडाशी येऊन म्हणाले, "जनावराला आवतण! आणि हे सगळं तुम्हाला खरं वाटतं?" मायनं जेवायला हाक मारली. अंबाडीची भाजी होती, वर लसणाची फोडणी. आम्ही घरातले सगळे आत गेलो. अण्णा म्हणाले, "तुम्ही बसा, मी जरा यंत्राकडं बघून येतो." आले ते बऱ्याच वेळानं, आणि उजवा हात धोतराच्या सोग्यात गुंडाळून.

सकाळी अण्णांनी पोहे खायला चमचा मागितला. आमच्या घरात चमचा एकच, तो औषधाचा. माय बघतच राहिली. "हात दुखून राहिलाय का?" तिनं विचारलं. "साहेब लोक असंच खातात," अण्णा म्हणाले. डाव्या हातानं ते चमचा धरत होते आणि पोहे मांडीवर सांडत होते. मला हसू आवरेना. अण्णांची नवी साहेबी, दुसरं काय, असं मला वाटलं.

दुपार कलली आणि सगळं गाव वेशीपाशी जमलं. शिंगांना बेगड, अंगावर झुली, ताशा वाजतोय, सगळ्यांचे हात कालच्या हळदीनं पिवळे. तोरणापुढं मधोमध जावई. त्याला मंगळ्याची झूल घातली होती, ती बोनेटवरच संपली होती. नाकाशी बेगड चिकटवलेली, आणि मागं आमची मानाची जोडी, पहिल्यांदाच दुसऱ्या नंबरला. अण्णा कोट घालून सीटवर, उजवा हात कोटाच्या खिशात. मी चावी सोडली, लिंबाजीमामानं हँडल मारलं. जावई खोकला आणि गप्प. पुन्हा मारलं. पुन्हा. मामाच्या पाठीवर घाम पाझरायला लागला, जावई ढिम्म. ताशा थांबला. मग मागून कुणीतरी, बघा, पोळ्याला तोरणाखाली म्हणतात तशी झडती ठोकली:

"मालकाच्या दारी लोखंडाचा बैल,
पेंड खाईना, पिऊन राहिला तेल,
हर हर महादेव!"

वेस हसण्यानं हादरली. मीही हसले असेन, खोटं कशाला बोलू. अण्णांचा चेहरा वांग्यासारखा झाला. ते खाली उतरले आणि हसणाऱ्याकडं नाही, गेले लिंबाजीमामाकडं. हसणारा आमच्या घरी राबत नव्हता ना!

"लिंबाजी, तूच केलंस हे."

"म्या काय केलं, मालक?"

"बैल बाजारात जाणार म्हणून तुझ्या पोटात दुखून राहिलं. त्या दिवशी ओसरीवर काय बोललास? लोखंड हंबरत न्हाई! मुकी वस्तू बघून हात मारलास."

लोकांना ते वाक्य लगेच आठवलं. व्हय व्हय, बोलला होता, अशी कुजबुज झाली. अण्णांना जोर चढला. "ज्या हातानं मालकाचं यंत्र मारलं, तो हात उद्या कुणाच्या बैलाला लागू द्यायचा? उद्यापासून माझ्या दारात उभं राहायचं नाही." आमच्याकडं सालदाराजवळ दुसरं काय असतं? हाताचं नाव. अमक्याचा हात जनावराला चांगला, एवढ्यावर त्याला गावोगाव काम मिळतं. पोळ्याच्या दिवशी, साऱ्या गावच्या बैलांपुढं हे बोलणं म्हणजे त्याचे हातच तोडणं होतं. मामा मागं सरून आपल्या जोडीला टेकला. मंगळ्या मान वळवून त्याचा खांदा चाटत होता.

मला कुठून अवसान आलं कोण जाणे. मी म्हटलं, "अण्णा, मी खोलून बघते." बायका तोंडाला पदर लावून कुजबुजल्या. अण्णांनी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण मुलींच्या शिक्षणावर ते याच लोकांपुढं बोलून चुकले होते. मी परकर खोचला, चावी बंद केली, कडी सारली आणि झाकण उचललं.

आत पेट्रोल पिवळंधमक. वरती लोण्याचे डोळे तरंगत होते. गोळा हळदीनं लडबडलेला, अगदी नवरीसारखा. बुडाशी चिखल बसलेला आणि जेटचं भोक हळदीनं लिंपलेलं. पेट्रोलच्या वासातून लोण्याचा वास येत होता. मला एका क्षणात सगळं कळलं, बाई! पूरा बोझा इसीच के ऊपर है. ज्याच्यावर ओझं तो खांदा. आणि उद्या गावासमोर जायचं म्हणून हा आमचा सुधारक घाबरून, सगळे जेवायला बसल्यावर, कार्बुरेटरची खांदमळणी करून आला होता. वरून चोळून भागलं नाही म्हणून झाकण उघडून आतल्या गोळ्यालाही चोळलं. आवतणही दिलं असणार. मी वर बघितलं. अण्णा माझ्याकडं बघत होते. हात खिशात. आयुष्यात त्यांनी माझ्यासमोर पहिल्यांदा आणि शेवटच्यांदा विनवणी केली, तीही नुसत्या डोळ्यांनी.

मी डबी अंगाआड केली, कुणाला दिसू दिली नाही, आणि मोठ्यानं म्हटलं, "काही नाही. तेलात गाळ होता."

मला वाटलं, मी शहाणी. अण्णांची लाज राखली आणि मामालाही सोडवलं. हळद म्हटलं असतं तर लोकांनी मामाचेच पिवळे हात बघितले असते, ही सबब मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगितली. सबब खोटी नाही. पण पिवळे हात तर सगळ्यांचेच होते, आणि खिशात लपवलेला एकच होता, हे सांगायला मला तोंड होतं. आणि तेल गाळायचं काम कुणाचं, हे त्या घाईत माझ्या ध्यानातच आलं नाही.

अण्णांच्या मात्र लगेच आलं. "म्हणजे न गाळता भरलंस," ते म्हणाले, आणि बघता बघता आवाजात लोणी आलं. "असू दे. सणाचा दिवस आहे. चूक माणसाच्या हातून होते. जा लिंबाजी, माफ केलं तुला." सगळीकडून आवाज उठले, मालकाचं मन मोठं, मालकाचं मन मोठं! ज्यानं गुन्हा केला त्यानं, ज्यानं केला नाही त्याला, सगळ्या गावादेखत माफ केलं. न्यायाची एवढी सुधारणा मी पुन्हा कुठं बघितली नाही.

लिंबाजीमामा सरळ उभा राहिला. "मालक, फडक्यातून गाळल्याबिगर म्या एक थेंब वतला न्हाई. म्या काय केलंच न्हाई, तं माफी कशाची? ती ठिवा तुमच्यापाशी." मग तो माझ्याकडं वळला आणि बघत राहिला. मी जेट पेट्रोलमध्ये विसळत होते. खैऱ्याच्या शेपटीचा केस त्यातून ओवला, फुंकर मारली, आणि एक डोळा मिटून सूर्याकडं धरला. सूर्य गोल दिसला. तरी मी जेट खाली घेतला नाही. बराच वेळ घेतला नाही.

जावई पहिल्या हँडलला सुरू झाला. हँडल मामानंच मारलं, कारण दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. अण्णा तोरणाखालून वाजतगाजत गेले. मामानं मंगळ्या-खैऱ्याला मागून नेलं, घरी आणून पुरणाची पोळी चारली, पाय धुतले, दावणीला बांधलं, खुंटीला पराणी टांगली. ते तेलाचं फडकं धुऊन वळणीवर वाळत घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आणि त्याची बायको गावातून गेलेले होते. माय दोन दिवस अण्णांशी बोलली नाही. तिनं तो चमचा घासून पुन्हा औषधाच्या कपाटात ठेवला. तिला काय काय कळलं होतं ते तिनं कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

बैल विकले गेले. पुढं लढाई लागली, पेट्रोल आणि तेल मिळेनासं झालं, आणि जावई गोठ्यात मंगळ्याच्या जागी उभा राहिला. कोंबड्या त्याच्यावर बसायला लागल्या. नांगरटीला अण्णा लोकांचे बैल मागून आणायचे. देणारे द्यायचे, पण "काहून मालक, जावई रुसले का?" हे विचारल्याशिवाय एकानंही दिले नाहीत.

मला हट्टा गावी दिलं. एका बाजाराच्या दिवशी बैलबाजाराच्या कडेला लिंबाजीमामा दिसला. केस पांढरे, पण हात तसाच, एका खोंडाच्या पाठीवर फिरत होता. कुणाच्या तरी मळ्यात होता, बैलांच्या कामावर नाही, राखणीवर. मी पाया पडले. तो मागं सरकला, "असं नका करू आक्का." मंगळ्या कुणी घेतला, त्यानं आधी विचारलं. मग मी रडत रडत, इतकी वर्षं दाबून धरलेलं सांगून टाकलं. "मामा, तो गाळ नव्हता. हळद होती. अण्णांनी लावली होती."

"व्हय," तो म्हणाला. "ठावं हाय मला. सांजच्याला मालकांनी माझ्याच हातातून वाटी मागून नेली व्हती. हळद म्याच कालवलेली."

माझं रडं जागच्या जागी थांबलं. "मग बोलला काहून नाही?"

"सालदाराच्या तोंडचं कोण खरं मानतंय, आक्का? झाकण तुमी उघडलं व्हतं. मी तुमच्या तोंडाकडं पाहून राहिलो व्हतो."

आणि मी मेली एक डोळा मिटून सूर्य बघत होते.